झँगीफ विरुद्ध गाइल: धीर नेमका सुटतो कुठे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये तू झँगीफ, म्हणजे जवळ जाऊन पकडणारा पैलवान, खेळतोस. बाकीच्या पात्रांशी बरं जमतं, पण गाइल समोर आला की त्यानं लांबून फेकलेले सॉनिक बूम अडवता अडवता कुठेतरी डोकं तापतं, तू उडी मारतोस आणि फ्लॅश किक (उडी मारणाऱ्याला पाडणारी त्याची लाथ) खाऊन आडवा होतोस. सगळे म्हणतात धीर धर. म्हणजे नक्की करायचं काय?

‘धीर धर’ म्हणायला कुणाला काही खर्च येत नाही, म्हणून हा सल्ला सगळे देतात. माझ्या अनुभवात या मॅचअपमध्ये, म्हणजे या दोन पात्रांच्या लढतीत, स्वभावामुळे धीर सुटणारे थोडेच. बहुतेकांचा सुटतो, कारण ते जिथे उभे असतात तिथे करण्यासारखं काय आहे हेच त्यांना ठाऊक नसतं. हाताला काम नसलं की स्टिक आपोआप वर जाते. कुठल्या अंतरावर तुझ्याकडे काय आहे आणि त्याच्याकडे काय आहे हे पाठ झालं, की वाट बघणं जड जात नाही. तेव्हा तू रिकामा बसलेलाच नसतोस.

आधी गाइलकडे बघ. त्याच्या दोन मुख्य चाली चार्जच्या आहेत. मागे धरून ठेवायचं, मग पुढे आणि पंच: सॉनिक बूम. खाली धरून ठेवायचं, मग वर आणि किक: फ्लॅश किक. म्हणूनच गाइल खाली-मागे धरून उकिडवा बसलेला दिसतो, कारण तिथे दोन्ही चार्ज एकदम भरत असतात. पण बूम टाकायला त्याला स्टिक पुढे न्यावीच लागते, आणि त्या क्षणी दोन्ही चार्ज रिकामे होतात. परत भरायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. खेळ सेकंदाला ६० फ्रेमनी, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो, तेव्हा हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

यातून एक साधा हिशेब निघतो. हा हिशेब येत नसेल तर या मॅचअपमध्ये बाकी काही शिकून उपयोग नाही. गाइल बसलेला असेल तर त्याच्याकडे बूम आणि फ्लॅश किक दोन्ही आहेत असं धरून चाल. तो उभा राहून मागे चालत असेल तर बूमचा चार्ज भरतोय, फ्लॅश किकचा नाही. आणि तो पुढे चालत असेल तर त्याच्याकडे दोन्ही नाहीत, पुढची पाऊण सेकंद तरी नाहीत. लाइट पंचचा हळू बूम टाकून त्याच्या मागोमाग चालत येणारा गाइल पडद्यावर फार भीतिदायक दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात त्या घडीला फक्त साधी बटणं असतात. ती बटणं चांगली आहेत, हे खरं. पण तू ज्या फ्लॅश किकला घाबरून बसला आहेस, ती तिथे नाहीच.

म्हणून नजर बूमवर ठेवू नकोस. बूम काय करणार हे तुला माहीतच आहे, तो सरळ रेषेत येणार. नजर गाइलच्या पायांवर ठेव. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, कारण चमकणारी वस्तू डोळा ओढून घेते. सवय व्हायला काही आठवडे जातात. पण त्यानंतर हा मॅचअप वेगळाच दिसू लागतो.

आता अंतरं.

पूर्ण पडदा मध्ये असेल तर तिथे फारसं काही घडत नाही आणि घडवायचंही नाही. या खेळात ड्राइव्ह गेज (आयुष्याखालची शक्तीची पट्टी) शिल्लक असेपर्यंत अडवलेल्या बूमनं आयुष्य कमी होत नाही, फक्त गेज कमी होतो. सहा खण असतात. ते संपले की बर्नआउट, आणि मग मात्र अडवलेला प्रत्येक बूम आयुष्य कुरतडतो. शिवाय कोपऱ्यात बर्नआउटमध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट (गेज खर्चून मारलेला जड फटका) अडवलास तर चक्कर येऊन उभा राहशील. म्हणजे लांबून तुझी लढाई आयुष्याशी नसून गेजशी आहे. पॅरी केलेला, म्हणजे पॅरीचं बटण दाबून झेललेला, बूम गेज परत देतो. लांबून पॅरी करायला भीती नाही, कारण पॅरीवरचा खरा उपाय पकड, आणि ती करायला गाइल पडद्याच्या दुसऱ्या टोकाहून येऊ शकत नाही. परफेक्ट पॅरीच्या मागे मात्र लागू नकोस. तिची खिडकी दोन फ्रेमची आहे. जमली तर उत्तम, नाही तर साधी पॅरीही पोट भरते. बटण दाबून धरून ठेवायचं नाही एवढं बघ, धरून ठेवलं की गेज गळत राहतो.

अडव, दोन पावलं पुढे. पॅरी, दोन पावलं पुढे. झँगीफ हळू चालतो, चालू दे. तुझ्याकडे ११,००० आयुष्य आहे, गाइलकडे १०,०००. तुझी एक पकड त्याच्या आयुष्याचा पाव भाग किंवा त्याहून जास्त नेते. कुणाला घाई असावी?

लॅरियटचं काय, असं तू विचारशील. हो, डबल लॅरियटमध्ये बूम अंगातून निघून जातो. पण गाइल लॅरियटची वाटच बघत असतो. मधल्या अंतरावर तू गरगर फिरत असताना तो चालत येऊन खालून पाय मारतो आणि तू परत टोकाला. लॅरियट वापरायचं ते त्याचा बूम अगदी सुरू होताना आणि तुझे हात त्याच्यापर्यंत पोहोचतील अशा ठिकाणी. बाकी ठिकाणी ते म्हणजे गोंधळून दाबलेलं बटण.

खरी मजा मधल्या अंतरावर आहे, आणि तुझे सामने हरले जातात तेही तिथेच. मी मधलं अंतर म्हणतो ते असं: गाइलनं बूम टाकायला सुरुवात केली त्याच क्षणी तू उडी मारलीस, तर तुझी लाथ त्याच्या डोक्यावर पडेल. या जागेपासून अर्धं पाऊल मागे असशील तर उडी त्याच्या पुढ्यात पडते आणि तो निवांत मारतो. अर्धं पाऊल पुढे असशील तर बूम इतक्या जवळून येतो की बघून उडी मारणं माणसाच्या प्रतिक्रियेत बसत नाही, तिथे फक्त अंदाज उरतो. ट्रेनिंग रूमच्या जमिनीवर चौकटी आखलेल्या आहेत. त्यावर ही जागा शोध आणि डोळ्याला लावून घे.

आता तू तिथे पोहोचलास. लोक लगेच उडी मारतात. अरे, आत्ताच तर तुझी वेळ सुरू झाली! तिथे नुसता उभा राहा. एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे, पण उडी नाही. चांगल्या गाइलला कळतं की आता बूम टाकला तर मार बसेल, आणि तो बूम टाकायचं थांबवतो. बूम न टाकणारा गाइल म्हणजे अर्धा गाइल. त्याच्यापुढे मोजकेच पर्याय उरतात. तो मागे सरकेल, म्हणजे स्वतःहून कोपऱ्याकडे जाईल. किंवा तो लांब हातांची बटणं टाकून तुला रोखू बघेल: उभ्यानं मारलेला उलट्या मुठीचा हेवी पंच, बसून मारलेला मीडियम पंच. किंवा त्याचाच धीर सुटेल आणि तो बूम टाकेल. तिन्हींत तुझा फायदा आहे, आणि तू अजून एकही बटण दाबलेलं नाही.

लांब हातांबद्दल थोडं. लांब बटण हुकलं की तो हात परत येईपर्यंत तिथेच लटकत असतो, आणि त्या हातालाही मार लागतो. तू त्याच्या टप्प्याच्या किंचित बाहेर असशील तर हुकलेल्या पंचावर तुझी लांब लो किक बसते. हे सतत जमणार नाही. पण दोनदा जरी बसली, तरी तो बटणं कमी दाबतो, आणि ज्या गाइलला बूमही टाकता येत नाही आणि बटणंही दाबता येत नाहीत त्याच्याकडे तुला चालत जाता येतं. झँगीफ खेळणाऱ्याला आणखी काय हवं?

तुझी ती नेहमीची उडी कधी येते, हेही सांगतो. बहुतेक झँगीफ तिसरा किंवा चौथा बूम अडवल्यावर उडी मारतात. ठरवून नाही, अंगवळणी पडलंय म्हणून. समोरचा हे मोजत असतो. तो दोन बूम टाकतो, मग टाकण्याचा नुसता आव आणतो, खाली-मागे धरून बसतो आणि तुझ्या पायांनी जमीन सोडायची वाट बघतो. तुझे स्वतःचे रीप्ले काढून फक्त एक गोष्ट बघ: उडी मारली तेव्हा गाइल काय करत होता? तो बसलेला असेल तर ती उडी चुकीची होती, मग ती लागली असली तरी. तो चालत असेल किंवा नुकताच त्याच्या हातून बूम सुटला असेल, तर उडी बरोबर होती, मग तू मार खाल्ला असलास तरी. बूमनंतर फ्लॅश किक नसली तरी बसून मारलेला हेवी पंच त्याच्याकडे असतोच. त्यानं तू खाली येशील, पण फ्लॅश किकच्या मानानं ते स्वस्तात पडतं.

अँटी-एअर, म्हणजे हवेत असताना बसलेला फटका, खाल्ल्यावर रागावून लगेच दुसरी उडी मारणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. ते दुखणं वेगळं आहे.

आता जवळचं अंतर. तुझ्या मुख्य पकडीच्या, स्क्रू पाइलड्रायव्हरच्या, तीन ताकदी आहेत. लाइट पंचची पकड सगळ्यात लांबून लागते, हेवीची सगळ्यात जवळून पण जास्त दुखते. शिकताना लाइटवरच राहा. किती लांबून लागते ते ट्रेनिंगमध्ये बघ, लोकांना वाटतं त्याहून ते अंतर जास्त असतं. ही पकड अडवता येत नाही, साध्या थ्रोसारखी सोडवताही येत नाही, आणि पाच फ्रेममध्ये लागते. त्यावर उपाय एकच, तिथे नसणं: उडी, मागे डॅश, किंवा अजिंक्य चाल, म्हणजे गेजचे दोन खण खर्चून मारलेली ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक किंवा सुपर (वेगळ्या पट्टीतून मारायची सगळ्यात मोठी चाल).

हुकली तर मात्र तू हवेत मिठी मारून बराच वेळ तसाच राहतोस, आणि गाइल आपला सगळ्यात महागडा कॉम्बो आठवून आठवून मारतो. म्हणून सगळा खेळ इथे येऊन उलटा होतो. लांबून धीर धरलेला माणूस पकडीच्या टप्प्यात आला की घाईला येतो, एवढे कष्ट करून आलो, आता लगेच पकडू. समोरच्यालाही हेच अपेक्षित असतं. तो आधीच उडी मारून बसलेला असतो. कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईपटू टप्प्यात आला म्हणून झेप घेत नाही; चढाईपटूचा पाय वळतो, तोल बदलतो, तेव्हा घेतो. तसं टप्प्यात जा आणि पहिल्यांदा काहीही करू नकोस. फक्त अडव. गाइलनं ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक मारली तर ती अडवली गेली, त्याचे दोन खण गेले, आणि तो खाली येतो तो थेट तुझ्या हातांत. त्यानं उडी मारली तर तुला दिसलं की हा उडी मारतो. पुढच्या वेळी त्याला हवेत पकडायला लेव्हल वन सुपरची एरियल रशियन स्लॅम आहे, बोर्श्ट डायनामाइट आहे, आणि यातलं काही सुचलं नाही तर साधं लॅरियट आहे. त्यानं काहीच केलं नाही, गोठून बसला, तर मग पकड.

एक तांत्रिक गोष्ट. समोरचा तुझी लाथ अडवत असतानाच्या फ्रेममध्ये त्याला पकडता येत नाही. लाइट किक अडवायला लावून मग पकडायचं असेल तर मध्ये श्वासभर थांबावं लागतं. घाईनं फिरवलेली ३६० (पकडीसाठी स्टिकचा पूर्ण फेरा) हुकते ती इथेच, आणि लोक खेळाला शिव्या घालतात. मॉडर्न कंट्रोलवर, म्हणजे सोप्या बटणांच्या पर्यायावर, पकड एका बटणावर मिळते. पण सोप्या बटणानं मारलेल्या स्पेशल चालींचा मार वीस टक्के कमी असतो, आणि हे थांबणं तिथेही सुटत नाही.

गाइल कोपऱ्यात गेला की तुझं निम्मं काम झालं. कोपऱ्यात अडवलेला ड्राइव्ह इम्पॅक्टसुद्धा त्याला भिंतीवर आपटतो. इम्पॅक्टला २६ फ्रेम लागतात, म्हणजे बघून उत्तर देता येतं, पण त्यासाठी त्याला सतत तयार राहावं लागतं. डोक्यात तेवढी जागा अडली की बाकीच्या गोष्टी उशिरा दिसतात. तिथेही इम्पॅक्ट लगेच मारू नकोस. मारू शकतोस हे त्याला माहीत आहे, तेवढं बरंच पुरतं.

आयुष्यात तू पुढे असशील तर चित्र बदलतं, आणि ही गोष्ट झँगीफ खेळणारे विसरतात. एक पकड लागली, तू पुढे गेलास, घड्याळात चाळीस उरलेत. आता यायला कुणाला हवं? पूर्ण पडद्यावरून पॅरी करत बसलास तर वेळ त्याचा जातोय. गाइलच्या लोकांना पुढे यायची सवय नसते. ते येतात तेव्हा चालत येतात, आणि चालत येणाऱ्या गाइलकडे काय नसतं ते वर सांगितलंच. लोक पकड लागल्या लागल्या दुसरी लावायला धावतात आणि मिळवलेली आघाडी दोन बूम आणि एका फ्लॅश किकमध्ये घालवतात. ते बघून मला खरोखर त्रास होतो.

हे दोघंही १९९१ च्या स्ट्रीट फायटर टूपासून एकमेकांसमोर आहेत, आणि तेव्हापासून भांडण हेच आहे: एकाला लांब राहायचंय, दुसऱ्याला मिठी मारायची आहे. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खाली-मागे धरून बूम टाकत बसणाऱ्याला रडीचा डाव खेळतो म्हणायचे, आणि सारखं पकडणाऱ्यालाही तेच म्हणायचे. म्हणजे या मॅचअपमध्ये दोघंही रडे. तो शब्द डोक्यातून काढून टाक. गाइल तुझ्यावर अन्याय करतोय असं वाटलं की तू त्याला धडा शिकवायला जातोस, आणि उडी तिथून येते.

उच्च पातळीवर हे कसं दिसतं ते बघायचं असेल तर २०१४ च्या इव्हो या मोठ्या फायटिंग गेम स्पर्धेतले, अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोरचे, अमेरिकेच्या स्नेक आइजचे सामने बघ. झँगीफ घेऊन तो शेवटच्या चारांपर्यंत पोहोचला होता. ती स्पर्धा फ्रान्सच्या ल्यूफीनं रोझ हे पात्र घेऊन जिंकली. तो खेळ वेगळा, गेज वेगळे, आकडे वेगळे, त्यामुळे चाली उचलू नकोस. स्नेक आइज बटण दाबत नाही त्या वेळा बघ. मुठी मारायच्या टप्प्याच्या बाहेर तो किती वेळ नुसता मागे-पुढे करत असतो, आणि समोरचा किती वेळा स्वतःहून चूक करतो.

हीच पद्धत धालसिम या पात्राला लागू पडते का? बरीचशी. त्याचे लांब हात-पाय मारता येतात, आणि त्याला चार्जची अट नाही, म्हणून पायांवरून वाचायचा हिशेब तिथे चालत नाही. त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

सरावाचं सांगतो. ट्रेनिंगमध्ये गाइलच्या वेगवेगळ्या कृती रेकॉर्ड कर: हळू बूम आणि परत बसणं, हळू बूम आणि पुढे चालणं, जोराचा बूम, नुसतं बसून राहणं आणि उडी आली तर फ्लॅश किक, लांब हेवी पंच. सगळ्या यादृच्छिक क्रमानं वाजू देत. पहिले काही दिवस नियम एकच: उडी बंद, स्पेशल बंद, फक्त चालून, अडवून आणि पॅरी करून पकडीच्या टप्प्यात पोहोचायचं. कंटाळा येईल. येऊ दे. ते सहज जमलं की उडी सुरू कर, पण फक्त ठरलेल्या चौकटीवरून आणि फक्त बूम सुटताना दिसला तर. त्यानंतर पकड. फ्रेम मीटर चालू ठेव. उडी हुकली तर ती किती फ्रेम उशिरा होती ते तिथेच कळतं, आणि ‘लॅग होता’ म्हणायची सोय राहत नाही.

लॅग मात्र खरोखर असतो, तेवढं मान्य. आपल्याकडून आखातातल्या किंवा सिंगापूरच्या खेळाडूंशी खेळताना मधल्या अंतरावरची उडी बघून मारणं अवघड होतं. तिथे अर्धं पाऊल मागे उभा राहा, उड्या कमी कर, पॅरी आणि चालणं वाढव. सामना स्वीकारण्याआधी समोरच्याच्या नावापाशी वायफायचं चिन्ह आणि कमी दांड्या दिसल्या तर रँकसाठी तो सामना घेऊ नकोस. आणि स्वतः केबल लाव.